दोरा, कागद, तांबं

पाण्याची मोटर जळाली म्हणून ती घेऊन वाइंडिंगवाल्या काकांकडे गेले होते. त्यांनी झाकण काढलं आणि आधी वास आला. करपलेल्या वॉर्निशचा, किंचित गोडसर, घशाला धरणारा. आतली गुंडाळी काळीठिक्कर पडली होती. "तांबं पार जळलं वाटतं," मी म्हणाले. काकांनी मान वर केली नाही. "तांबं कशाला जळतंय, ताई. जळतो तो कागद. तांबं आहे तस्संच असतं." आणि त्यांनी एक तार ब्लेडनं खरवडून माझ्यासमोर धरली. काळ्या पापुद्र्याखाली लालसर, स्वच्छ तांबं चमकत होतं. मग ते बोलायचे थांबले. शेजारी दुसरा एक स्टेटर (मोटरचा न फिरणारा, तारा भरायचा भाग) अर्धवट भरलेला पडला होता, तो त्यांनी मांडीशी ओढला. लेदरॉइड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, दोन्ही टोकांना दुमडायच्या, खाचेत सरकवायच्या, त्यात तारेचे वेढे बसवायचे, वरून बांबूची पाचर ठोकायची. बाहेर डोकावणारे वेढे दोऱ्यानं आवळायचे, गाठ मारायची, पुढच्या खाचेकडे जायचं. बोटं सरावलेली, नजर रस्त्यावर. मी बराच वेळ बघत उभी होते आणि तेवढ्या वेळात विजेचं असं काही काम झालंच नाही. जे झालं ते सगळं कापणं, दुमडणं आणि बांधणं.

'जळतो तो कागद' हे वाक्य नंतर काही केल्या डोक्यातून जाईना. शाळेत विजेबद्दल जे शिकलो त्यात तांबं होतं, चुंबक होतं, डाव्या-उजव्या हाताचे नियम होते, परीक्षेला हमखास येणाऱ्या आकृत्या होत्या. कागद कुठंच नव्हता. वीज कशातून वाहते हे पाठ करून घेतलं. ती जिथं जायला नको तिथं जाऊ नये म्हणून कुणाला किती वेळ मांडी घालून बसावं लागतं, ते कुणी सांगितलं नाही. आणि मग मला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञाचं, मायकेल फॅरेडेचं ते कडं आठवलं.

त्याचा फोटो आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेलं लोखंडी कडं. व्यास सहा इंच, जाडी इंचाला थोडी कमी. जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर म्हणून त्याची ओळख करून देतात. या वेळी फोटो मोठा करून पाहिला, तर नजरेत भरलं ते कापड. तपकिरी पडलेलं, जुनाट सुती कापड, त्यातून डोकावणारी सुतळी, आणि बाहेर निघालेली तारांची वेडीवाकडी टोकं. इनॅमल चढवलेली तार त्या काळी नव्हती. फॅरेडेच्या हातात होती ती उघडी तांब्याची तार, आणि उघडी तार कड्याभोवती नुसती गुंडाळली तर वेढ्याला वेढा चिकटून सगळा खेळच खलास. म्हणून त्याने वेढ्यांच्या मध्ये सुतळी घातली आणि थरांच्या मध्ये कॅलिकोचं कापड. कड्याच्या एका अंगाला तारेचे तीन तुकडे, प्रत्येकी सुमारे 24 फूट. थोडी जागा सोडून दुसऱ्या अंगाला दोन तुकडे, मिळून साधारण 60 फूट. हे सगळे तुकडे एकमेकांपासून खरोखर अलग राहिलेत का, ते त्याने आधी बॅटरी लावून तपासलं आणि तसं वहीत लिहूनही ठेवलं. जग बदलणारं वाक्य त्याच्या नंतर येतं, पण मला हे आधीचंच वाक्य जास्त आवडतं.

फॅरेडेचा बाप लोहार होता आणि तो स्वतः पुस्तकं बांधायचं काम शिकलेला. म्हणजे ते लोखंडी कडं बापाच्या धंद्यातलं आणि त्यावरचं कापड-सुतळी लेकाच्या.

त्याची गोष्ट आपल्याला ज्या चालीवर सांगितली जाते ती मला फारशी पटत नाही. गरीब घरचं पोर, आठवड्याला एका पावावर दिवस काढणारं. चौदाव्या वर्षी, 1805 मध्ये, लंडनच्या ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्याकडे उमेदवारीला लागलं. बांधायला आलेली पुस्तकं वाचत गेलं. आणि एके दिवशी थोर शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची नजर पडून त्याचं सोनं झालं. या गोष्टीत बाइंडिंगचं दुकान म्हणजे नुसती पायरी. चढायची आणि विसरायची. पण सात वर्षं म्हणजे काही थोडाथोडका काळ नाही, आणि तोही चौदा ते एकविसाच्या वयातला, जेव्हा हात जे शिकतात ते पुन्हा विसरत नाहीत. कागद किती ओला झाला की फाटतो, दोरा किती ताणला की तुटतो, कापड डिंकावर बसवताना फुगा कसा येऊ द्यायचा नाही, हे त्याच्या बोटांना माहीत होतं. डोळ्यांनी तो एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख वाचत होता आणि हातांनी त्याच पुस्तकाची पाठ शिवत होता. यातलं कोणतं शिक्षण पुढे जास्त कामाला आलं, हे मला तरी ठामपणे सांगता येणार नाही.

1812 च्या जुलैमध्ये त्याने बेंजामिन अॅबट या मित्राला लिहिलेलं पत्र वाचताना अजूनही हसू येतं. त्याने घरच्या घरी बॅटरी केली होती. हाफपेनीच्या नाण्याएवढ्या जस्ताच्या सात चकत्या, त्यांवर सात हाफपेनी आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे तुकडे. 'मी, साहेब, मी स्वतः' अशा थाटात, उद्गारचिन्हांची रांग लावत, तो ही अवाढव्य यंत्रणा मित्राला वर्णन करून सांगतो. वीस वर्षांचं पोरगं, डोक्यावरून वारं गेलेलं. आणि बघा, इथेही कागद आहेच. मिठाच्या पाण्यात भिजला की विजेला वाट देणारा, कोरडा असला की अडवणारा. एकाच कागदाचे हे दोन स्वभाव त्याला तेव्हाच हाताला लागले होते.

त्याच वर्षी दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने, विल्यम डान्स यांनी, त्याला डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने गॅलरीत बसून टिपणं घेतली, घरी येऊन ती वाढवून लिहिली, आकृत्या काढल्या आणि तीनशेएक पानांचं ते बाड स्वतःच्या हातांनी बांधून डेव्हींकडे पाठवलं. नोकरीचा अर्जच म्हणायचा तो. मजकुराने डेव्ही खूश झाले असतील, पण हातात पडलं ते आधी एक नीट बांधलेलं पुस्तक. 1 मार्च 1813 ला तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून रुजू झाला. आठवड्याला 25 शिलिंग, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. आधीचा माणूस मारामारी केली म्हणून काढलेला होता, तेव्हा त्या मारामारीचेही आपण उपकार मानायला हवेत.

माझ्या म्हणण्याला आडवं जाणारी एक गोष्ट इथे लपवता येत नाही. धंदा आपल्याला दुष्ट आणि स्वार्थी वाटत होता, त्यातून सुटून विज्ञानाच्या चाकरीत जायचं होतं, असं खुद्द फॅरेडेनेच पुढे लिहून ठेवलंय. म्हणजे ज्या दुकानाचे मी गोडवे गातेय तिथून तो पळाला होता. यावर मी बराच विचार केला. मला वाटतं, त्याला नकोसा झाला होता तो गल्ला, हाताचं काम नव्हे. पैशाच्या बाबतीत तो शेवटपर्यंत असाच राहिला. हातचं काम मात्र त्याने कुणाकडे सोपवलं नाही.

1821 च्या सप्टेंबरात त्याने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून तार लोंबती सोडली, वीज जोडली आणि ती तार चुंबकाभोवती गरगर फिरायला लागली. मोटर नावाच्या वस्तूचा पणजोबा. त्याचं लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पण या शोधाने सुखापेक्षा ताप जास्त झाला. वोलास्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञांची कल्पना ढापली अशी कुजबुज सुरू झाली, आणि 1823 मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा सभासद म्हणून त्याचं नाव पुढे आलं तेव्हा विरोधाला उभे राहिले ते साक्षात डेव्हीच. ज्याने हात धरून वर आणलं त्यालाच तो हात खुपायला लागावा, हे आपल्याकडच्या गाण्याबजावण्याच्या घराण्यांतही पाहिलंय. फॅरेडे निवडून आला. डेव्हींबद्दल वाकडा शब्द त्याने जाहीरपणे काढला नाही.

त्यानंतरची वर्षं बाहेरून पाहिली तर फुकट गेलेली दिसतात. विजेतून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकातून वीज का मिळू नये, हा प्रश्न त्याच्या मनात होताच. अधूनमधून तो प्रयत्नही करी, हाती काही लागत नसे. आणि बराचसा वेळ तर खात होती काच. दुर्बिणींसाठी निर्दोष काच कशी बनवायची, हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. भट्टी सतत पेटती ठेवायला सार्जंट अँडरसन नावाचा निवृत्त सैनिक नेमला होता. त्याला संध्याकाळी 'आता घरी जा' असं सांगायला फॅरेडे एकदा विसरला, आणि सकाळी येऊन पाहतो तर अँडरसन भट्टीत कोळसा घालतोच आहे, अशी एक आठवण सांगतात. मला या माणसाचं फार कुतूहल आहे. पुढे अनेक वर्षं, जवळजवळ अखेरपर्यंत, तो फॅरेडेबरोबर राहिला. ज्या शोधांखाली एकच नाव छापलं जातं, त्या प्रत्येक वेळी खोलीत दुसरा एक माणूस गप्प उभा होता. आणि ती काच? दुर्बिणींचं काही फारसं भलं झालं नाही, पण 1845 मध्ये प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे फॅरेडेला दिसलं ते त्याच जड काचेच्या तुकड्यातून. फुकट काय गेलं हे ठरवायची घाई करू नये, असं अशा वेळी वाटतं.

29 ऑगस्ट 1831. कड्याच्या एका अंगाच्या तारा बॅटरीला जोडायच्या. दुसऱ्या अंगाच्या तारांची टोकं लांब नेऊन, कड्यापासून तीन फुटांवर ठेवलेल्या चुंबकसूचीवरून ओढून घेतलेली. जोडणी केल्याबरोबर सूची हलली. थोडी डोलली आणि पुन्हा मूळ जागी येऊन थांबली. बॅटरी चालूच आहे, तारेतून वीज धावतेच आहे, पण सूची ढिम्म. मग जोडणी तोडली, तर पुन्हा एक हिसका.

बस, एवढंच. एक हिसका जोडताना, एक तोडताना.

हे दृश्य मी मनात पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी वाटतं, मी असते तर 'टेबल हललं' म्हणाले असते. जो तो शोधत होता तो अखंड प्रवाह. वीज वाहतेय तोवर चुंबकत्व टिकतं, तर चुंबक ठेवलाय तोवर वीज टिकली पाहिजे, असा सरळ हिशेब. जिनिव्हात कोलाडाँ नावाच्या तरुणाने 1825 मध्ये मोठा चुंबक आणि तारेची गुंडाळी घेऊन हाच प्रयत्न केला होता. चुंबकामुळे सूची उगाच हलू नये म्हणून त्याने काळजीपूर्वक गॅल्व्हानोमीटर (वीज वाहिली की सूची हलवून दाखवणारं उपकरण) शेजारच्या खोलीत ठेवला. इकडे चुंबक गुंडाळीत सरकवायचा आणि चालत जाऊन तिकडे बघायचं. तो पोहोचेपर्यंत सूची जागेवर येऊन थांबलेली असायची. केवढं हे दुर्दैव! त्याची शिस्तच त्याच्या आड आली. सोबत एखादा अँडरसन असता, पलीकडच्या खोलीत नुसता बघत उभा, तर आज शाळेत आपण कोलाडाँचा नियम घोकत असतो. अटलांटिकपलीकडे ऑल्बनीत जोसेफ हेन्री याच वाटेवर होता. त्याने तर तारेवर रेशीम गुंडाळून भलेमोठे विद्युतचुंबक बनवले होते. पण प्रसिद्ध करायला त्याला उशीर झाला. रेशीम काय, कॅलिको काय, या शोधाच्या आसपास जो कुणी फिरकला त्याच्या हातात कापड दिसतंच.

फॅरेडेला लगेच उमगलं असंही नाही. 23 सप्टेंबरला त्याने मित्राला, रिचर्ड फिलिप्सला लिहिलं की काहीतरी चांगलं गळाला लागलंय असं वाटतंय, पण मासा म्हणून ओढायचो आणि निघायचं पाणगवत. ऑक्टोबरच्या 17 तारखेला त्याने कागदाची पोकळ नळी घेतली (पुन्हा कागद!), तिच्याभोवती तांब्याच्या तारेच्या आठ गुंडाळ्या एकावर एक चढवल्या, मध्ये सुती कापड आणि सुतळी घातली, आणि साडेआठ इंची चुंबकाची कांडी नळीत झपकन खुपसली. सूची हलली. बाहेर ओढली, सूची उलट्या बाजूला हलली. बॅटरीचा पत्ताच नाही. हात आत-बाहेर होतोय तोवर वीज, हात थांबला की वीज थांबली. चुंबक असून भागत नाही, तो हलला पाहिजे, बदलला पाहिजे. अखंडपणाच्या मागे लागलेल्या सगळ्यांना निसर्ग हेच सांगत होता. त्याच महिन्याच्या 28 तारखेला वुलविचला रॉयल सोसायटीच्या थोरल्या चुंबकापुढे त्याने बारा इंची तांब्याची तबकडी फिरवली आणि तिच्या कडेतून नि आसातून सलग वीज काढून दाखवली. पहिलं जनित्र. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरअखेर, दोन महिन्यांत ट्रान्सफॉर्मर आणि डायनॅमो.

आणि मग त्याने ते सोडून दिलं. खरंच. त्याने लिहिलंय की या शक्तीचा जोर वाढवत बसण्यापेक्षा नवी तथ्यं, नवे संबंध शोधावेत अशी माझी इच्छा; जोर वाढवायचं काम पुढे आपोआप होईलच. झालंही. पुढच्याच वर्षी पॅरिसात पिक्सी नावाच्या यंत्रकाराने हाताने फिरवायचं जनित्र बनवलं. मग याला आविष्कारक तरी कसं म्हणायचं, असा प्रश्न मला पडतो. पेटंट नाही, कारखाना नाही. ब्रिटिश राजकारणी ग्लॅडस्टन यांनी 'याचा उपयोग काय' विचारलं आणि फॅरेडेने 'एक दिवस यावर कर लावाल' असं उत्तर दिलं, ही फॉरवर्डमधून फिरणारी गोष्ट चुरचुरीत आहे, पण तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही आणि मला ती त्याच्या स्वभावातलीही वाटत नाही. कराचा विचार करणारा माणूस नव्हता तो. सरदारकी नको म्हणाला, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नको म्हणाला.

त्याला गणित येत नव्हतं. हे तो स्वतःच सांगे, थोडं खंतावून. आकडेमोडीच्या जागी त्याने काय आणलं, तर रेषा. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरवायचा आणि उमटलेली नक्षी मेण लावलेल्या कागदावर पक्की करून घ्यायची, म्हणजे पुस्तकासारखी जपून ठेवता येते. आपण शाळेत तो प्रयोग केला तेव्हा कीस बोटांना लागला, कपड्यांना लागला आणि बाई ओरडल्या, एवढंच झालं. त्याला मात्र त्या रेषा खऱ्याखुऱ्या दिसत होत्या, चुंबकाच्या बाहेर, मोकळ्या जागेत ताणलेल्या. पुष्कळ विद्वानांनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. मग केंब्रिजच्या तरुण मॅक्सवेलने त्या रेषांना गणितात बसवलं. 1857 मध्ये फॅरेडेने त्याला लिहिलं की एवढं गणित या विषयावर तुटून पडलेलं पाहून आधी मी घाबरलोच, मग नवल वाटलं की विषयाने ते इतकं छान सोसलं. पासष्टीतला माणूस हे लिहितोय, आणि त्यात हेवा औषधालाही नाही. डेव्हींच्या वागण्यातून काय करायचं नाही ते तो नीट शिकला होता.

त्याची स्मरणशक्ती पन्नाशीच्या आतच दगा द्यायला लागली होती. म्हणूनच असेल कदाचित, तो वहीतल्या प्रत्येक परिच्छेदाला अनुक्रमांक घाली. 1832 मध्ये एकपासून सुरू केलेले हे आकडे 1860 मध्ये 16041 वर थांबतात. फसलेले प्रयोगही त्याच रांगेत, त्याच टापटिपीने. 1862 च्या एका पत्रात तो जर्मनभाषक मित्र शोनबाइनला सांगतो की मी पत्रं लिहून फाडून टाकतो, काहीबाही लिहिलं जातं, सलग ओळ लिहिता येत नाही. ते पत्र मी एकदा वाचलं आणि पुन्हा वाचायचा धीर झाला नाही.

त्यापेक्षा मला 1860 चा फेब्रुवारी आठवायला आवडतो. डोव्हरजवळच्या साउथ फोरलंड दीपगृहात प्रोफेसर होम्स यांनी वाफेच्या इंजिनावर फिरणारं जनित्र लावून विजेचा दिवा पेटवला होता. वुलविचच्या तबकडीचीच ही नातवंडं. दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचा सल्लागार म्हणून फॅरेडेला तो तपासायचा होता. वय 68. वाटेत बर्फाचं वादळ, आगगाडी अडकली, दुसऱ्या दिवशी रस्ते बंद, हात हलवत लंडनला परत. त्याच आठवड्यात तो पुन्हा निघाला. रस्ता बर्फाखालीच होता, म्हणून कुंपणं, भिंती आणि शेतं ओलांडत वर पोहोचला आणि दिवा पाहिला. स्वतःच्या शोधाचा उजेड समुद्रावर पडलेला पाहून त्याला काय वाटलं असेल, यावर लिहायचा मोह मला होतोय, पण त्याच्या लेखी त्या कशाला जागा नव्हती. या दिव्याबद्दल त्याने आधी दिलेल्या अभिप्रायात मुद्दे आहेत ते उजेड किती जोरकस, किती नियमित याचे. आणि आणखी एक मुद्दा: त्याची निगा इतकी सोपी आहे की साधारण समज असलेल्या, पण लक्ष देऊन काम करणाऱ्या रखवालदाराच्या हाती हा दिवा बिनदिक्कत सोपवता येईल.